दिल्ली ते टोकियो: अंतर किती, वेळ किती?

दिल्लीहून टोकियोला जाण्याचं एक तिकीट समोर आहे असं समजू. विमान रात्री 8 वाजता सुटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 7.20 ला पोचतं. घड्याळ पाहून हिशेब केला तर 11 तास 20 मिनिटं होतात. परतीचं विमान टोकियोहून सकाळी 11 ला निघतं आणि त्याच संध्याकाळी 5.20 ला दिल्लीत येतं. म्हणजे 6 तास 20 मिनिटं. पाहणाऱ्याला वाटतं, जातानाच जास्त वेळ लागतो.

प्रत्यक्षात उलटं आहे. या तिकिटावर जाताना आपण विमानात 7 तास 50 मिनिटं बसणार आहोत आणि येताना 9 तास 50 मिनिटं. अंतर तेच आणि विमानही बहुधा तसंच, तरी दोन तासांचा फरक पडतो.

हा हिशेब नीट कळलेला असला की बरीच धावपळ वाचते. औषधाची वेळ कशी सांभाळायची, कनेक्टिंग विमान किती वाजताचं घ्यायचं, न्यायला येणाऱ्या मुलाला किती वाजता बोलवायचं, हे सगळं त्यावर ठरतं. महाराष्ट्रातून मुलांकडे टोकियोला जाणाऱ्या आईवडिलांना तर त्याची फार गरज असते. म्हणून एकेक पायरी घेत जाऊ. गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराएवढंच आहे.

पहिली पायरी: दोन टोकं नक्की करा

‘दिल्ली ते टोकियो’ एवढ्यावर अंतर मोजता येत नाही. कोणत्या विमानतळापासून कोणत्या विमानतळापर्यंत, हे आधी ठरवावं लागतं. दिल्लीच्या बाजूला आपण इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ धरू.

टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत, हानेदा आणि नारिता. हानेदा शहरातच, समुद्रकाठी आहे. मध्य टोकियोपासून तो सुमारे 15 किलोमीटरवर पडतो. नारिता मात्र शेजारच्या चिबा प्रांतात, मध्य टोकियोपासून सुमारे 60 किलोमीटर पूर्वेला आहे. आकाशातून पाहिलं तर दिल्लीहून दोन्हींच्या अंतरात पन्नासेक किलोमीटरचाच फरक आहे. विमानाला तो चार मिनिटांचाही नाही. जमिनीवर मात्र तोच फरक तासाभराचा होऊ शकतो.

तिकिटावरची तीन अक्षरी खूण इथे कामाला येते. हानेदाची खूण ‘एचएनडी’ आणि नारिताची ‘एनआरटी’. तिकीट शोधताना ‘टीवायओ’ दिसलं, तर त्याचा अर्थ ‘टोकियोतला कोणताही विमानतळ’ असा होतो. त्यावर समाधान मानू नका. पक्क्या तिकिटावर कोणती खूण आली आहे ती पाहा आणि न्यायला येणाऱ्यालाही तीच कळवा.

दुसरी पायरी: सरळ अंतर काढा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजण्याचा मोह होतो. तिथेच पहिली चूक होते. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात आणि पट्टीचं माप खोटं ठरतं.

घरात शाळेचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या. दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर आणि दुसरं टोकियोवर धरून तो ताणा. दोरा ज्या वाटेवर ताठ बसतो ती सर्वांत जवळची वाट असते. तिला ‘ग्रेट सर्कल’ म्हणतात. पृथ्वीच्या मध्यातून कापलेल्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा तो एक तुकडा असतो.

गोलाचा व्यास 30 सेंटिमीटर असेल तर त्याचा घेर सुमारे 94 सेंटिमीटर भरतो. पृथ्वीचा घेर सुमारे 40,000 किलोमीटर आहे. म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर हा खऱ्या पृथ्वीवरचे सुमारे 425 किलोमीटर. आपला दोरा 13.8 सेंटिमीटरच्या आसपास भरेल. गुणाकार करा: सुमारे 5,860 किलोमीटर. दिल्ली–हानेदा हवाई अंतर तेवढंच आहे.

दोरा कुठून जातो हेही पाहून ठेवा. दिल्ली 28.6 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि हानेदा 35.6 वर. दोरा मात्र मध्ये 37 अंशांपर्यंत वर चढतो, चीनच्या शानडोंग द्वीपकल्पापाशी, आणि मग खाली टोकियोकडे वळतो. विमानातल्या पडद्यावर मार्ग वाकडा दिसतो त्याचं एक कारण हे आहे. गोलावर तो सरळच असतो.

इथे आणखी दोन चुका नेहमी होतात. पहिली रेखांशांची. दिल्ली आणि टोकियोच्या रेखांशांत 62.7 अंशांचा फरक आहे. ‘एक अंश म्हणजे 111 किलोमीटर’ हे शाळेत पाठ केलेलं असतं, म्हणून कुणी 62.7 ला 111 ने गुणतात आणि 6,950 च्या पुढे जातात. हजारावर किलोमीटर जास्त. रेखांशाचा एक अंश फक्त विषुववृत्तावर 111 किलोमीटरचा असतो. उत्तरेकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ येतात आणि 30 अंश अक्षांशावर तो सुमारे 96 किलोमीटरच उरतो.

दुसरी चूक मैलांची. काही ठिकाणी हेच अंतर 3,640 असं दिसेल, काही ठिकाणी 3,164. पहिला आकडा साध्या मैलांचा आहे आणि दुसरा सागरी मैलांचा. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. वैमानिक आणि विमान कंपन्या सागरी मैलच वापरतात. त्यामुळे आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय तुलना करू नका. दहा-वीस किलोमीटरचा फरक दिसला तर काळजी नको. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. कुणी ते धरून मोजतं, कुणी ती पूर्ण गोल मानतं.

तिसरी पायरी: विमान प्रत्यक्ष कुठून जातं ते पाहा

दोरा दिल्लीहून ईशान्येला निघतो आणि हिमालय ओलांडून थेट तिबेटच्या पठारावर जातो. या मार्गावरची प्रवासी विमानं सहसा ती वाट धरत नाहीत. कारण सुरक्षिततेचं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

विमान 11-12 किलोमीटर उंचीवर उडतं. तिथली हवा इतकी विरळ असते की आत हवेचा दाब कृत्रिमपणे राखावा लागतो. काही बिघाडामुळे तो दाब गेला, तर वरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. ते प्रवाशांना साधारण 12 ते 15 मिनिटं पुरतात. तेवढ्यात वैमानिकाने विमान सुमारे 10,000 फुटांपर्यंत, म्हणजे 3 किलोमीटरच्या आसपास खाली आणायचं असतं. तिथे मुखवट्याविना श्वास घेता येतो. पण तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच सुमारे साडेचार किलोमीटर आहे. खाली यायला जागाच नसते. म्हणून पठारावरून विमानं फार थोडी जातात, आणि जी जातात त्यांना खास तयारी आणि जादा प्राणवायू लागतो.

म्हणून टोकियोचं विमान दिल्लीहून आधी गंगेच्या मैदानावरून पूर्वेला जातं. मग ईशान्य भारत किंवा बांगलादेश, म्यानमार, चीनचा दक्षिण भाग आणि पूर्व चीन समुद्र असा वळसा घेत जपानकडे वळतं. नेमकी वाट त्या दिवसाचं हवामान, वारा आणि हवाई नियंत्रकांची परवानगी यांवर ठरते. ती रोज थोडी वेगळी असू शकते.

वळशाने किती अंतर वाढतं? मध्ये चीनच्या युनान प्रांतातलं कुनमिंग शहर धरून पाहू. दिल्ली ते कुनमिंग सुमारे 2,580 किलोमीटर. कुनमिंग ते हानेदा सुमारे 3,700. बेरीज 6,280. सरळ अंतरापेक्षा 420 किलोमीटर जास्त, म्हणजे जवळजवळ अर्ध्या तासाचं उड्डाण. पुढच्या सगळ्या हिशेबात आपण 5,860 ऐवजी 6,280 हाच आकडा वापरू. सरळ अंतर धरून तास काढणाऱ्यांचं उत्तर नेहमी कमी येतं, त्याचं पहिलं कारण हा वळसा आहे.

एखाद्या देशाची हवाई हद्द बंद झाली तरी असंच होतं. 2022 पासून जपानी कंपन्यांची युरोपला जाणारी विमानं रशियावरून जात नाहीत. टोकियो–लंडन प्रवास त्यामुळे साधारण दोन तासांनी लांबला. शहरं जागच्या जागी आहेत, तरी तास वाढले.

चौथी पायरी: वेग धरा, पण कोणता ते पाहून

या मार्गावर बोइंग 787 सारखी मोठी विमानं चालतात. उंचीवर त्यांचा वेग ताशी सुमारे 900 किलोमीटर असतो. हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजलेला आहे. हवा शांत असती तर 6,280 ला 900 ने भागून 7 तासांना एखादं मिनिट कमी आलं असतं.

पण हवा शांत नसते आणि विमान त्या हवेतच उडतं. हवा ज्या दिशेला वाहते तिकडे ती विमानालाही नेते. जमिनीवरून पाहणाऱ्याला जो वेग दिसतो त्याला ‘ग्राउंड स्पीड’ म्हणतात. मागून वारा असेल तर तो 900 मध्ये मिळवायचा आणि समोरून असेल तर वजा करायचा.

आपल्या आसनासमोरच्या पडद्यावर हा वेग दिसतो. नकाशाच्या पानावर ‘ग्राउंड स्पीड’ पाहा. टोकियोकडे जाताना चीनचा किनारा ओलांडल्यावर तो हजाराच्या वर गेलेला दिसेल. हिवाळ्यात 1,100 च्या पुढेही जातो. त्याच भागातून परत येताना तो 750 वर, कधी त्याहून खाली आलेला असतो. इंजिनं दोन्ही वेळा तेवढाच जोर लावत असतात.

पाचवी पायरी: वाऱ्याचा हिशेब करा

हा वारा कसला? पृथ्वीभोवती 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान प्रवाह आहेत. त्यांना ‘जेट स्ट्रीम’ म्हणतात. दक्षिणेकडची उबदार हवा आणि उत्तरेकडची थंड हवा जिथे शेजारी येतात तिथे ते तयार होतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यांना पूर्वेची दिशा मिळते. दोन हवांच्या तापमानातला फरक जितका मोठा तितका प्रवाह जोरदार.

हिवाळ्यात सायबेरिया गोठलेला असतो आणि दक्षिणेचा समुद्र उबदार. त्यात हिमालय आणि तिबेटच्या पठाराने दुभंगलेल्या प्रवाहाच्या शाखा पूर्वेला जाऊन पुन्हा एकत्र येतात. त्यामुळे हिवाळ्यात जपानवर जगातले सर्वांत जोरदार जेट प्रवाह वाहतात. ताशी 300 किलोमीटरचा वेग तिथे नवलाचा मानला जात नाही. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो आणि उत्तरेला सरकतो.

या वाऱ्याचा पहिला पद्धतशीर अभ्यासही जपानमध्येच झाला. तातेनो इथल्या वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात हवेत फुगे सोडले, दुर्बिणीच्या उपकरणाने ते कुठे जातात ते टिपलं आणि उंचावरचा वारा मोजला. 1926 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष एस्परांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापले. जगाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. 1944 च्या अखेरीस अमेरिकेची बी-29 विमानं फार उंचीवरून टोकियोवर आली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हाच वारा भेटला. दिल्लीच्या विमानाला आज जो मदत करतो किंवा अडवतो तो हाच.

आता गणित. हा प्रवाह सगळ्या वाटेवर सारखा नसतो. म्यानमारच्या बाजूला तो कमी आणि जपानकडे जास्त असतो. म्हणून पूर्ण वाटेची सरासरी धरू. समजा ती ताशी 100 किलोमीटर आहे. जाताना वेग 1,000 होतो आणि 6,280 किलोमीटरला 6 तास 17 मिनिटं लागतात. येताना वेग 800 राहतो आणि 7 तास 51 मिनिटं लागतात.

थंडीत सरासरी 150 झाली तर? जाताना 1,050 च्या वेगाने 5 तास 59 मिनिटं. येताना 750 च्या वेगाने 8 तास 22 मिनिटं. जाण्या-येण्यात जवळजवळ अडीच तासांचा फरक.

इथे एक बारकावा आहे. पुष्कळांना वाटतं, जाताना वाचलेला वेळ आणि येताना वाढलेला वेळ सारखाच, म्हणून दोन्ही मिळून फिटंफाट होत असेल. तसं होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन 13 तास 58 मिनिटं लागली असती. 150 च्या वाऱ्यात 14 तास 21 मिनिटं लागतात. समोरच्या वाऱ्यात विमान हळू जातं, म्हणून ते त्या वाऱ्यात जास्त वेळ राहतं आणि तोटा नफ्यापेक्षा मोठा होतो.

आणखी एक समजूत दूर करायला हवी. ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून टोकियोहून निघालेल्या विमानाखाली दिल्ली आपोआप जवळ यायला हवी,’ असं अनेकांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर तिचं वातावरणही फिरतं आणि त्या वातावरणात उडणारं विमानही. नुसत्या फिरण्याचा फायदा-तोटा कुणालाच नाही. फरक पडतो तो वाऱ्याने.

सहावी पायरी: जमिनीवरची मिनिटं मिळवा

आतापर्यंत काढलेला वेळ पूर्ण वेगाने उडण्याचा होता. चढताना आणि उतरताना विमान हळू असतं. विमानतळाजवळ आल्यावर रांगेसाठी एखादी घिरटीही घ्यावी लागते. त्यासाठी साधारण 20 मिनिटं मिळवा.

मग धावपट्टीपर्यंत जाणं आणि उतरल्यावर धावपट्टीपासून थांब्यापर्यंत येणं. दिल्ली आणि हानेदा हे दोन्ही अवाढव्य आणि गजबजलेले विमानतळ आहेत. दोन्ही ठिकाणचं मिळून 35 ते 40 मिनिटं धरणं शहाणपणाचं.

तिकिटावरचा वेळ हे सगळं धरून असतो. त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. चाकांपुढचे अडसर काढून विमान जागेवरून हलतं तेव्हापासून ते पोचल्यावर पुन्हा अडसर लागेपर्यंतचा हा वेळ. म्हणूनच वैमानिक ‘आपलं उड्डाण 6 तास 50 मिनिटांचं आहे’ असं सांगतो आणि तिकिटावर 7 तास 50 मिनिटं असतात. दोघंही बरोबर असतात. वैमानिक हवेतला वेळ सांगतो आणि तिकिटावर अडसर ते अडसर वेळ असतो.

कंपन्या वेळापत्रकात थोडा राखीव वेळही ठेवतात. विमान अर्धा तास उशिरा सुटूनही कधीकधी वेळेवर पोचतं ते त्यामुळे. शिवाय वेळापत्रकं वर्षातून दोन असतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणून मागच्या मे महिन्यात जाऊन आलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलेले तास जानेवारीच्या प्रवासाला जसेच्या तसे लावू नका.

एकूण, जाताना साडेसात ते आठ तास आणि येताना साडेनऊ ते दहा तास हा अंदाज या मार्गावर मनात ठेवायला हरकत नाही.

सातवी पायरी: घड्याळं जुळवा

आता सुरुवातीच्या तिकिटाकडे वळू. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटणाऱ्या शहराची असते आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या शहराची. हा नियम एकदा लक्षात ठेवला की अर्धा गोंधळ संपतो.

भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. जपानची वेळ 135 अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि ती रेषा आकाशी शहरातून जाते. दोन रेषांत 52.5 अंशांचा फरक. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. 52.5 भागिले 15 म्हणजे साडेतीन. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. दोन्ही देश उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे हा फरक वर्षभर तोच राहतो.

पूर्वेकडे जाताना घड्याळातल्या फरकातून साडेतीन तास वजा करा: 11.20 वजा 3.30 म्हणजे 7 तास 50 मिनिटं. पश्चिमेकडे येताना मिळवा: 6.20 अधिक 3.30 म्हणजे 9 तास 50 मिनिटं. वजा की अधिक हे विसरायला होत असेल, तर सोपा उपाय आहे. दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहून काढा. सकाळी 7.20 ला टोकियोत पोचणं म्हणजे आपल्याकडे पहाटे 3.50. रात्री 8 ते पहाटे 3.50 हे तास बोटांवर मोजता येतात.

ज्यांना ठरावीक तासांनी औषध किंवा इन्सुलिन घ्यावं लागतं, त्यांनी हीच रीत वापरावी. प्रवासभर एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवा. टोकियोत पोचल्यानंतर मात्रा कोणत्या वेळी घ्यायच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून लिहून घ्या.

आठवी पायरी: तारीख तपासा

सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते. दिल्लीहून अनेक आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘10 तारीख, 1.15’ असं असेल तर घरातून किंवा हॉटेलातून 9 तारखेच्या संध्याकाळी निघायला हवं. 10 च्या रात्री पोचलात तर विमान जवळजवळ एक दिवस आधीच गेलेलं असतं.

वेळ 24 तासांच्या पद्धतीने लिहिलेली असते हेही ध्यानात घ्या. 00.40 म्हणजे रात्रीचे बारा वाजून चाळीस मिनिटं, आणि त्या क्षणी तारीख बदललेली असते. पोचण्याच्या वेळेपुढे ‘+1’ असेल तर पोचण्याचा दिवस पुढचा. हॉटेलची खोली त्या तारखेपासून घ्यायची, निघण्याच्या तारखेपासून नाही.

नववी पायरी: थांबे आणि विमान बदल

तिकीट शोधताना दोन शब्द भेटतात. ‘नॉन-स्टॉप’ म्हणजे वाटेत कुठेही न उतरणारं विमान. ‘डायरेक्ट’ म्हणजे एकाच क्रमांकाचं उड्डाण, पण ते मध्ये उतरू शकतं. ‘डायरेक्ट’ वाचून थांबा नाही असं धरू नका. एकूण वेळ पाहा. दिल्ली–टोकियोला 7-8 तासांच्या जागी 12-13 दिसले तर मध्ये थांबा आहेच.

पुण्याहून, नागपूरहून किंवा गोव्याहून निघणाऱ्यांना दिल्लीत विमान बदलावं लागतं. तिथे तीन गोष्टी विचारून घ्या.

एक, देशांतर्गत विमान कोणत्या टर्मिनलवर उतरतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणं टर्मिनल 3 वरून होतात. टर्मिनल 1 त्यापासून काही किलोमीटर दूर आहे आणि बस, टॅक्सी किंवा मेट्रोने जावं लागतं.

दोन, दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत का. एकच तिकीट असेल आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढची सोय करणं कंपनीकडे असतं. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर चुकलेल्या विमानाचा भुर्दंड सहसा आपल्यालाच बसतो. सामानही दिल्लीत स्वतः उचलून पुन्हा जमा करावं लागतं.

तीन, महिना कोणता. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत पहाटे दाट धुकं असतं आणि विमानं तासन्‌तास अडकतात. त्या दिवसांत सकाळच्या विमानाने दिल्लीत पोचून लगेच पुढचं विमान पकडण्याचा बेत करू नका. किमान चार-पाच तासांची फट ठेवा. वडीलधारी माणसं एकटी जात असतील तर त्याहून जास्त.

दहावी पायरी: दारापासून दारापर्यंत मांडा

आता एक पूर्ण हिशेब करून पाहू. पुण्यातल्या घरातून टोकियोच्या एदोगावा भागात, निशिकासाईला मुलीकडे जायचं आहे. तिथे बरीच भारतीय कुटुंबं राहतात. सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या लिहू.

सकाळी 10.30 ला घर सोडलं. 11.30 ला लोहगाव विमानतळ. दुपारी 1.30 ला विमान सुटलं, 3.45 ला दिल्ली. तिथे सव्वाचार तास: टर्मिनल, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, जेवण. रात्री 8 ला टोकियोचं विमान. पहाटे 3.50 ला हानेदा, म्हणजे तिथले सकाळचे 7.20. इमिग्रेशनला परदेशी पाहुण्यांच्या बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात, मग सामान, मग कस्टम्स. त्याला सव्वा ते दीड तास धरा. पुढे घरापर्यंत तासाभराहून थोडा जास्त प्रवास. सकाळी 6.30 ला, तिथल्या 10 वाजता, आपण मुलीच्या दारात.

एकूण 20 तास. त्यातले दोन्ही विमानांतले मिळून 10 तास 5 मिनिटं. उरलेला अर्धा प्रवास जमिनीवरचा आहे, आणि माणसं दमतात ती बहुतेक तिथेच. पाय दुखणाऱ्यांनी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवावी. ती सोय सहसा विनामूल्य असते आणि रांगांतली दमछाक वाचते.

रात्री उशिरा उतरणारं विमान असेल तर आणखी एक पाहा. टोकियोच्या रेल्वेगाड्या रात्रभर चालत नाहीत. मध्यरात्रीच्या सुमाराला शेवटच्या गाड्या जातात आणि पहाटे पाचच्या आसपास पुन्हा सुरू होतात. शेवटची गाडी चुकली तर टॅक्सी घ्यावी लागते आणि नारिताहून ती फार महाग पडते. म्हणून दोन तिकिटांत थोडाच फरक असेल तर सकाळी हानेदाला उतरणारं घ्या.

मुंबई–सिंगापूर असो की नागपूरहून दोहामार्गे पुढे, पायऱ्या याच क्रमाने लावता येतील. प्रत्येक वेळी अंतर, वळसा, वारा आणि घड्याळ बदलेल, एवढंच. सगळा हिशेब एका कागदावर लिहा. डावीकडे भारतीय वेळ, उजवीकडे तिथली वेळ, आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख. त्याची एक प्रत प्रवाशाच्या खिशात ठेवा आणि एक फोटो न्यायला येणाऱ्याला पाठवा. विमानाला उशीर झाला तरी त्या कागदावरून पुढची प्रत्येक वेळ किती सरकली ते दोघांनाही लगेच काढता येईल.